मालकी, उपभोग आणि अस्सलपणा : कॉर्व्हेट या अमेरिकी स्पोर्ट्स कारचा सामाजिक इतिहास (१९५३ ते २०२३)

सारांश

शेव्हरोले कॉर्व्हेट ही जनरल मोटर्स या कंपनीची दोन आसनांची स्पोर्ट्स कार १९५३ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. आरंभीच्या दोन-तीन वर्षांत बंद पडण्याच्या बेतात आलेली ही गाडी पुढे सात दशके टिकली आणि अमेरिकी समाजाच्या आकांक्षांचे एक प्रतीक बनली. प्रस्तुत निबंधात या गाडीच्या तांत्रिक प्रगतीपेक्षा तिच्या मालकीचा इतिहास केंद्रस्थानी ठेवला आहे. नवी गाडी मिरवण्यापासून जुनी गाडी जतन करण्यापर्यंत मालकीचा अर्थ कसा बदलत गेला, 'अस्सल' कशास म्हणावे हे कोणी ठरवले आणि या प्रक्रियेत गाडी प्रत्यक्ष घडवणाऱ्या कामगाराचे स्थान कोणते राहिले, या प्रश्नांचा येथे विचार केला आहे.

बीजसंज्ञा : स्पोर्ट्स कार, उपभोगसंस्कृती, औद्योगिक वारसा, अस्सलपणा, कामगार.

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हणून ताम्रपट, नाणी, बखरी आणि दप्तरे यांना जे स्थान आहे, ते नित्य वापरातील यंत्रवस्तूंना फार उशिरा मिळाले. मोटारीच्या बाबतीत तर ही उपेक्षा अधिकच जाणवते. मोटारीवर लिहिणारे बहुतेक लेखक हौशी वर्गातील असल्याने त्यांच्या लेखनात इंजिनाची क्षमता, वेग आणि किंमत यांचे तपशील विपुल असतात. परंतु त्या गाडीभोवती उभा राहिलेला समाज मात्र पार्श्वभूमीलाच राहतो. वास्तविक विसाव्या शतकातील अमेरिकेचा इतिहास मोटारीवाचून लिहिताच येत नाही. शहरांची वाढ, उपनगरांचा विस्तार, तेलाचे राजकारण, कामगार चळवळ आणि तरुण पिढीचे स्वातंत्र्य या साऱ्यांचे धागे मोटारीपाशी येऊन मिळतात.

या दृष्टीने कॉर्व्हेटचा अभ्यास दोन कारणांनी महत्त्वाचा ठरतो. पहिले कारण असे की, ही गरजेची गाडी कधीच नव्हती. दोनच आसने, सामानास अपुरी जागा आणि मध्यमवर्गीय कुटुंबास जड जाणारी किंमत यांमुळे ती निव्वळ आनंदाची वस्तू राहिली. समाज आनंदासाठी काय विकत घेतो, यावरून त्या समाजाविषयी पुष्कळ काही कळते. दुसरे कारण असे की, या गाडीच्या जुन्या नमुन्यांची जपणूक करणाऱ्या मालकांनी अस्सलपणाची एक काटेकोर, जवळजवळ पाठचिकित्सेची आठवण करून देणारी पद्धती विकसित केली. इतिहासाच्या अभ्यासकाने तिची दखल घेणे उचित ठरते.

युद्धोत्तर पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ च्या आरंभापासून १९४५ पर्यंत, अमेरिकेतील खाजगी मोटारींचे उत्पादन थांबवण्यात आले होते. युद्ध संपताच साचून राहिलेली मागणी उसळून वर आली आणि डेट्रॉईटच्या कारखानदारांना कोणतीही गाडी विकणे सोपे झाले. या काळातील अमेरिकी गाड्या मोठ्या, जड आणि कुटुंबाच्या सोयीच्या होत्या. याच सुमारास ब्रिटनमध्ये तैनात असलेले सैनिक मायदेशी परतले. त्यांनी तेथे एम.जी.सारख्या लहान, चपळ, उघड्या टपाच्या गाड्या पाहिल्या होत्या. १९४८ मध्ये जॅग्वार एक्स.के. १२० ही गाडी आली, तेव्हा अशा गाड्यांचे आकर्षण अधिक वाढले. अमेरिकेच्या एकूण बाजारपेठेत स्पोर्ट्स कारचा वाटा नगण्य होता. परंतु ज्या तरुण आणि सधन वर्गात ही आवड रुजत होती, त्याकडे दुर्लक्ष करणे मोठ्या कंपन्यांना परवडणारे नव्हते.

जनरल मोटर्सच्या रचना विभागाचे प्रमुख हार्ले अर्ल यांनी हे हेरले. अर्ल १९२७ पासून या विभागाचे काम पाहत होते. मोटारीचे बाह्यरूप ही अभियंत्याने जाता जाता उरकण्याची बाब नसून ते स्वतंत्र शास्त्र आहे, ही कल्पना अमेरिकी उद्योगात रुजवण्याचे श्रेय मुख्यतः त्यांच्याकडे जाते. त्यांच्या देखरेखीखाली तयार झालेला नमुना जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अॅस्टोरिया हॉटेलात भरलेल्या 'मोटोरामा' प्रदर्शनात मांडण्यात आला. लोकांचा प्रतिसाद पाहून कंपनीने त्याच वर्षी उत्पादन सुरू करण्याचा निर्णय घेतला. 'कॉर्व्हेट' हे नाव लहान व वेगवान युद्धनौकेच्या प्रकारावरून घेतले होते. नुकत्याच संपलेल्या युद्धाची स्मृती आनंदाच्या वस्तूच्या नावातही डोकावत होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

जन्म आणि प्रारंभीचे अपयश

३० जून १९५३ रोजी मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे पहिली कॉर्व्हेट तयार झाली. त्या वर्षी अवघ्या ३०० गाड्या निघाल्या. सर्व गाड्या बाहेरून पांढऱ्या आणि आतून लाल रंगाच्या होत्या. गाडीचा बाह्य भाग पोलादी पत्र्याऐवजी फायबरग्लासचा होता. पोलादी पत्र्याला आकार देण्यासाठी लागणारे साचे तयार करण्यास मोठा खर्च आणि दीर्घ काळ लागतो. थोड्या गाड्यांसाठी तो परवडत नाही. फायबरग्लासमुळे ही अडचण दूर झाली. मात्र या नव्या पदार्थाचा अनुभव कोणालाच नव्हता. एका भागाचा दुसऱ्या भागाशी मेळ बसत नसे, कडा घासाव्या लागत, पृष्ठभाग पुन्हा पुन्हा गुळगुळीत करावा लागे. परिणामी जगातील सर्वांत मोठ्या मोटार कंपनीची ही गाडी आरंभी जवळजवळ हातानेच घडवली गेली. ज्या फ्लिंट शहरात १९३६-३७ च्या बैठ्या संपाने अमेरिकी मोटार कामगारांच्या संघटनेला मान्यता मिळवून दिली होती, त्याच शहरात हे काम झाले.

गाडीची किंमत ३,४९८ डॉलर होती. त्या वर्षी अमेरिकी कुटुंबाचे मध्यम वार्षिक उत्पन्न सुमारे ४,२०० डॉलर होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या किमतीचा अर्थ स्पष्ट होतो. एवढे पैसे मोजून ग्राहकाच्या हाती जे पडे, ते मात्र अपेक्षेपेक्षा कमी होते. इंजिन सहा सिलिंडरचे आणि १५० अश्वशक्तीचे होते. गिअर हाताने बदलण्याची सोय नव्हती, दोन गतींची स्वयंचलित यंत्रणा तेवढी होती. दाराला बाहेरून कडी नव्हती आणि वरखाली होणाऱ्या काचांऐवजी पावसात लावण्याचे पडदे दिलेले होते. खऱ्या स्पोर्ट्स कारच्या रसिकाला ती मंद वाटली आणि सुखसोयींच्या ग्राहकाला गैरसोयीची. १९५४ मध्ये उत्पादन मिसूरी राज्यातील सेंट लुईस येथे हलवून ३,६४० गाड्या तयार करण्यात आल्या; त्यांतील जवळपास एक तृतीयांश वर्षअखेरीस विक्रीविना पडून राहिल्या. १९५५ मध्ये उत्पादन ७०० वर आले. त्याच वर्षी फोर्ड कंपनीने आणलेल्या थंडरबर्डच्या मात्र सोळा हजारांहून अधिक गाड्या खपल्या.

या टप्प्यावर कॉर्व्हेट बंद पडली असती तर नवल नव्हते. ती टिकली याची दोन कारणे सांगता येतात. एक, फोर्डच्या यशानंतर माघार घेणे जनरल मोटर्सला प्रतिष्ठेच्या दृष्टीने कठीण झाले. दुसरे कारण झोरा अर्कस-डंटोव्ह या अभियंत्याशी निगडित आहे. ब्रसेल्स येथे १९०९ मध्ये रशियन ज्यू कुटुंबात जन्मलेले डंटोव्ह बर्लिनमध्ये शिकले आणि नाझी आक्रमणानंतर फ्रान्समधून निसटून अमेरिकेत आले. १९५३ च्या प्रदर्शनात कॉर्व्हेट पाहून ते तिच्या रूपावर लुब्ध झाले आणि त्यांनी शेव्हरोलेकडे पत्राद्वारे नोकरीची विचारणा केली. त्याच वर्षी ते कंपनीत रुजू झाले. डिसेंबर १९५३ मध्ये त्यांनी वरिष्ठांना एक टिपण सादर केले. स्वतःच्या गाड्या स्वतः सुधारून शर्यतीत उतरवणाऱ्या तरुणांचा वर्ग फोर्डच्या बाजूला झुकलेला आहे. त्याला आपलेसे करायचे असेल तर शेव्हरोलेने त्याला हवे ते सुटे भाग पुरवले पाहिजेत, असा त्याचा आशय होता. १९५५ मध्ये आठ सिलिंडरचे १९५ अश्वशक्तीचे इंजिन आले, १९५७ मध्ये इंधन थेट फवारणारी यंत्रणा आणि चार गतींचा गिअर आला आणि कॉर्व्हेट खऱ्या अर्थाने स्पोर्ट्स कार झाली. या सर्वांत अमेरिकी मानल्या गेलेल्या गाडीचे भवितव्य एका निर्वासिताने सावरले, ही गोष्ट अमेरिकी समाजाच्या घडणीशी सुसंगतच आहे.

याच काळात जनरल मोटर्सचा मुंबईतील अध्याय संपत होता, हा योगायोग मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने नोंद घेण्याजोगा आहे. कंपनीने १९२८ मध्ये शिवडी येथे मोटारजुळवणीचा कारखाना काढला होता. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, देशातच टप्प्याटप्प्याने पूर्ण उत्पादन करण्याची योजना असणाऱ्या कंपन्यांनाच येथे वाव राहील, असे धोरण भारत सरकारने स्वीकारले आणि जनरल मोटर्सने १९५४ मध्ये येथील जुळवणी बंद केली. एकीकडे आनंदाच्या वस्तूचा प्रयोग करणारी समृद्ध अर्थव्यवस्था आणि दुसरीकडे स्वावलंबनासाठी उपभोगाला आवर घालणारे नवस्वतंत्र राष्ट्र, असे दोन भिन्न मार्ग एकाच कंपनीच्या इतिहासात एकाच वेळी दिसून येतात.

रस्ता, वेग आणि स्वातंत्र्याची कल्पना

१९५६ मध्ये आंतरराज्य महामार्गांचा कायदा संमत झाला आणि अमेरिकेत लांब पल्ल्याच्या रस्त्यांचे विशाल जाळे उभे राहू लागले. १९६० ते १९६४ या काळात 'रूट ६६' ही दूरचित्रवाणी मालिका प्रसारित झाली. दोन तरुण कॉर्व्हेट घेऊन देशभर भटकतात, मिळेल ते काम करतात आणि पुढे जातात, एवढेच तिचे सूत्र होते. स्थिर नोकरी, घर आणि कुटुंब यांच्या चौकटीत बसलेल्या युद्धोत्तर मध्यमवर्गाला या भटकंतीचे आकर्षण वाटले, यात आश्चर्य नाही. शर्यतींनीही कीर्तीत भर घातली. १९६० च्या ल मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतीत ब्रिग्ज कनिंगहॅम यांच्या चमूतील कॉर्व्हेट आपल्या वर्गात पहिली आली. अंतराळवीर अॅलन शेपर्ड यांच्यापाशी कॉर्व्हेट होतीच. पुढे फ्लोरिडातील विक्रेते आणि १९६० च्या इंडियानापोलिस शर्यतीचे विजेते जिम रॅथमन यांनी अंतराळवीरांना वर्षाला एक डॉलर अशा नाममात्र भाड्याने गाड्या देण्याची व्यवस्था केली. 'अपोलो १२' च्या तिन्ही अंतराळवीरांच्या एकसारख्या सोनेरी-काळ्या कॉर्व्हेट प्रसिद्ध आहेत. गाडीची जाहिरात आणि राष्ट्राचा पराक्रम यांतील सीमारेषा येथे पुसट होते.

तथापि रस्त्यावरील हे स्वातंत्र्य सर्वांना सारखे उपलब्ध नव्हते. याच वर्षांत कृष्णवर्णीय प्रवाशांना कोणत्या गावी मुक्काम मिळेल, कोठे जेवण मिळेल, हे सांगणारी 'ग्रीन बुक' नावाची मार्गदर्शिका निघत होती. १९३६ मध्ये सुरू झालेले हे प्रकाशन १९६० च्या दशकाच्या मध्यानंतरच थांबले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापूर्वी मोकळ्या रस्त्याचे जे स्वप्न विकले जात होते, ते मुख्यतः गोऱ्या पुरुषाचे स्वप्न होते. स्त्रियांच्या बाबतीत चित्र अधिक गुंतागुंतीचे दिसते. बेटी स्केल्टन या वैमानिक आणि मोटारचालक स्त्रीने १९५६ मध्ये डेटोना येथील वाळूच्या पट्ट्यावर कॉर्व्हेट अतिवेगाने चालवून नाव मिळवले. जनरल मोटर्सच्या रचना विभागातही स्त्रिया काम करीत होत्या. त्यांपैकी रूथ ग्लेनी यांनी १९५८ मध्ये 'फॅन्सी फ्री' नावाची खास कॉर्व्हेट सजवली. ऋतूनुसार बदलता येतील अशी आसनांची आच्छादने हे तिचे वैशिष्ट्य होते. परंतु स्त्रीची कर्तबगारी गाडीच्या आतील सजावटीपुरती किंवा प्रसिद्धीपुरती मान्य करण्याकडे उद्योगाचा कल राहिला, हेही नमूद केले पाहिजे.

१९६३ मध्ये आलेल्या 'स्टिंग रे' या दुसऱ्या पिढीच्या गाडीने कॉर्व्हेटला तिचे सर्वाधिक ओळखले जाणारे रूप दिले. अर्ल यांचे उत्तराधिकारी बिल मिचेल यांनी मागील काच मधोमध उभ्या पट्टीने दुभागण्याचा आग्रह धरला. त्यामुळे मागचे नीट दिसत नाही, असा डंटोव्ह यांचा आक्षेप होता. रूप आणि उपयुक्तता यांतील हा वाद पहिल्या वर्षी रूपाने जिंकला आणि दुसऱ्याच वर्षी उपयुक्ततेने; १९६४ मध्ये ती पट्टी काढून टाकण्यात आली. गमतीची बाब अशी की, त्या काळी अनेक मालकांनी पट्टी कापून नवी अखंड काच बसवून घेतली आणि आपली गाडी 'सुधारली'. पुढे हीच दुभागलेली काच सर्वांत मौल्यवान ठरली. वापरणाऱ्याची दृष्टी आणि जतन करणाऱ्याची दृष्टी यांतील अंतर दाखवण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

घटती शक्ती, वाढती विक्री

१९७० चा स्वच्छ हवा कायदा, १९७३ चा तेलपुरवठ्यावरील बहिष्कार, त्यापाठोपाठ आलेली ताशी ५५ मैलांची राष्ट्रीय वेगमर्यादा आणि सुरक्षिततेचे नवे नियम यांनी अमेरिकी मोटारीचे स्वरूप पालटून टाकले. १९७५ मध्ये कॉर्व्हेटच्या साध्या इंजिनाची क्षमता १६५ अश्वशक्तीवर आली. अश्वशक्ती मोजण्याची पद्धत १९७२ पासून बदलली असल्याने आधीच्या आकड्यांशी थेट तुलना करता येत नाही. तरीही घट खरी आणि मोठी होती. उघड्या टपाचा प्रकारही १९७५ नंतर बंद झाला आणि तो पुन्हा १९८६ मध्येच आला.

अशा स्थितीत विक्री घसरावी, अशी सहज अपेक्षा कोणीही करील. प्रत्यक्षात नेमके उलट घडले. १९७९ मध्ये ५३,८०७ कॉर्व्हेट तयार झाल्या. या गाडीच्या इतिहासातील हा एका वर्षाचा उच्चांक होय. याचा अर्थ असा की, या काळातील ग्राहक वेग विकत घेत नव्हता. वेगाची आठवण विकत घेत होता. बालपणी किंवा तरुणपणी जी गाडी दुकानाच्या काचेआड पाहिली, ती चाळिशीत दारात उभी करणे, हा या मालकीचा गाभा होता. व्हिएतनाम युद्ध, महागाई आणि तेलटंचाई यांनी ग्रासलेल्या दशकात १९५० आणि १९६० च्या दशकांविषयी जी ओढ निर्माण झाली, तिचेच हे मोटारीच्या रूपातील आविष्करण होते. त्याच काळात जुन्या गाड्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलली, हाही निव्वळ योगायोग नव्हे.

अस्सलपणाची मीमांसा

१९७३ मध्ये इलिनॉय राज्यातील ब्लूमिंग्टन येथे कॉर्व्हेटधारकांचा मेळावा सुरू झाला. तोच पुढे 'ब्लूमिंग्टन गोल्ड' म्हणून प्रसिद्धी पावला. १९७४ मध्ये 'नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी' ही संस्था स्थापन झाली. या संस्थेने जुन्या गाड्यांच्या परीक्षणासाठी जो निकष स्वीकारला, तो विशेष विचारार्ह आहे. गाडी सुंदर असावी, असा तो निकष नाही. गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी जशी असेल तशी ती असावी, असा तो आहे. त्यामुळे कारखान्यात रंग काही ठिकाणी उणा राहत असेल, तर पुनर्संचयित गाडीतही तो तसाच उणा हवा; मुळाहून अधिक चकचकीत केलेल्या गाडीचे गुण कापले जातात. घाईने काम करणाऱ्या कामगाराच्या हाताची खूण येथे दोष न राहता पुरावा ठरते.

पुराव्याच्या शोधात मालकांनी गाडीचा प्रत्येक भाग ग्रंथासारखा वाचावयास आरंभ केला. इंजिनाच्या लोखंडी ठोकळ्यावर ओतकामाचा क्रमांक आणि दिनांक असतो. त्यावर नंतर ठोकलेली अक्षरे जुळवणीचा दिवस आणि इंजिनाचा प्रकार सांगतात. १९६० च्या दशकापासून गाडीच्या क्रमांकातील अंकही इंजिनावर उमटवले जाऊ लागले. हे सर्व परस्परांशी जुळले म्हणजे इंजिन मूळचे, असे अनुमान केले जाते. सेंट लुईसच्या कारखान्यात १९६७ च्या सुमारापासून गाडीच्या मागणीपत्राची एक प्रत इंधनाच्या टाकीवर चिकटवली जात असे. जुन्या गाडीची टाकी खाली उतरवून तो कागद सापडतो का, हे पाहणे हा अनेक मालकांच्या दृष्टीने अभिलेखागारातील शोधाहून कमी उत्कंठेचा प्रसंग नसतो. कंपनीला त्या कागदाचे काहीच महत्त्व नव्हते. तो टिकला तो केवळ नजरेआड राहिल्यामुळे.

जेथे पुराव्याला किंमत येते, तेथे बनावट पुरावाही येतो. इंजिनावरील जुने अंक घासून नवे ठोकण्याचे प्रकार वाढले आणि त्यांबरोबर ठशांच्या आकाराचा, ओळींच्या मांडणीचा व यंत्राने सोडलेल्या बारीक चरांचा अभ्यास करणारे जाणकारही तयार झाले. कूट ताम्रपट ओळखणाऱ्या पुराभिलेखतज्ज्ञाची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. गाडीच्या घडणीतही असाच धडा दडलेला आहे. फायबरग्लासला गंज चढत नाही. पण १९६३ पासूनच्या गाड्यांत त्या आवरणाखाली पोलादी पिंजरा आहे आणि तो गंजतो. बाहेरून निर्दोष दिसणारी गाडी आतून पोखरलेली असू शकते. म्हणून अनुभवी खरेदीदार रंगावर भाळत नाही; तो समोरच्या काचेच्या कोपऱ्यांतील पोलाद आणि खालचा सांगाडा तपासतो.

या साऱ्या काटेकोरपणात मालकीचा आनंद हरवतो काय, हा प्रश्न रास्त आहे. १९६७ मध्ये 'एल-८८' हे शर्यतीचे इंजिन बसवलेल्या अवघ्या २० कॉर्व्हेट तयार झाल्या. त्यांतील एक जानेवारी २०१४ मध्ये ३८ लाख ५० हजार डॉलरला लिलावात विकली गेली. शर्यतीसाठी जन्मलेली गाडी एवढ्या किमतीची झाली की ती शर्यतीत उतरवणे अविचाराचे ठरते. वस्तूचे मोल तिच्या उपयोगाच्या आड येते ते असे. रिस्टोरर्स सोसायटीने यावर काढलेला तोडगा अर्थपूर्ण आहे. डंटोव्ह यांच्या नावाने दिल्या जाणाऱ्या तिच्या मानाच्या पुरस्कारासाठी गाडी केवळ अचूक असून भागत नाही. ती रस्त्यावर चालवून तिचे सर्व भाग काम करतात, हे सिद्ध करावे लागते. चालणे हाच मोटारीचा धर्म आहे आणि न चालणारी मोटार अस्सल म्हणता येणार नाही, ही भूमिका त्यामागे आहे.

कामगार आणि वस्तुसंग्रहालय

१९८१ मध्ये कॉर्व्हेटचे उत्पादन सेंट लुईसहून केंटकी राज्यातील बोलिंग ग्रीन येथे हलवण्यात आले. सत्तावीस वर्षांत सहा लाखांहून अधिक कॉर्व्हेट घडवणाऱ्या सेंट लुईसमध्ये काही काळ अन्य वाहने तयार होत राहिली आणि १९८७ मध्ये तो कारखाना बंद झाला. टाकीवर कागद चिकटवणारे, कडा घासणारे हात कोणाचे होते, हे त्या कागदावर लिहिलेले नव्हते. अस्सलपणाची मीमांसा कामगाराच्या हाताची खूण जपते. परंतु त्याचे नाव तिला माहीत नसते, ही या परंपरेची मोठी उणीव होय.

बोलिंग ग्रीन येथे कारखान्याजवळच १९९४ मध्ये 'नॅशनल कॉर्व्हेट म्युझियम' उघडले. १९९६ मध्ये निधन पावलेल्या डंटोव्ह यांच्या अस्थीही तेथेच ठेवल्या आहेत. १२ फेब्रुवारी २०१४ रोजी पहाटे या संग्रहालयाच्या घुमटाकार दालनातील जमीन अकस्मात खचली आणि आठ कॉर्व्हेट खोल विवरात कोसळल्या. हा प्रदेश चुनखडीचा असून भूगर्भातील पाण्याने खडक विरघळून तेथे पोकळ्या तयार होतात. प्रसिद्ध मॅमथ केव्ह याच परिसरात आहे. पहाटेची वेळ असल्याने मनुष्यहानी झाली नाही.

यानंतर जो प्रश्न उभा राहिला, तो वारशाच्या जतनाचा मूलभूत प्रश्न होता. चेंदामेंदा झालेली गाडी पुन्हा नवी केली, तर ती तीच गाडी राहते काय? सर्वच गाड्या दुरुस्त कराव्यात, असा प्रथम विचार होता. अखेरीस तीनच गाड्या दुरुस्त करण्याचे ठरले आणि उरलेल्या पाच गाड्या भग्नावस्थेतच ठेवण्यात आल्या. कारण त्या दुरुस्त करावयाच्या तर जवळजवळ सर्वच भाग नवे घालावे लागले असते आणि मूळ असे काही उरलेच नसते. शिवाय ती दुर्घटना हाही आता इतिहासाचा भाग झाला होता.

दुरुस्त झालेल्या तीन गाड्यांत १९९२ मध्ये तयार झालेली दहा लाखावी कॉर्व्हेट होती. तिचे आवरण उलगडताना आतील भागांवर कारखान्यातील कामगारांच्या स्वाक्षऱ्या आढळल्या. गाडी तयार होत असताना त्यांनी आपली नावे तिच्या अंगावर, बाहेरून दिसणार नाहीत अशा जागी लिहून ठेवली होती. दुरुस्ती करणाऱ्यांनी हे भाग शक्य तितके तसेच जपले आणि जे पुन्हा वापरणे अशक्य होते, त्यांवरील स्वाक्षऱ्यांच्या प्रतिमा घेऊन त्या नव्या भागांवर उतरवल्या. नवा भाग अधिक सुबक बसला असता. तरीही नावांसाठी जुना भाग राखण्यात आला. फ्लिंट आणि सेंट लुईस येथील कामगारांना जे लाभले नाही, ते बोलिंग ग्रीनच्या कामगारांना एका अपघातामुळे लाभले.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, कॉर्व्हेटचे दीर्घायुष्य केवळ तांत्रिक श्रेष्ठतेचे फळ नाही. आरंभी ती सदोष होती आणि १९७० च्या दशकात ती दुबळी होती. तरीही ती टिकली, कारण तिच्याभोवती आकांक्षा आणि स्मृती यांचे वलय निर्माण झाले होते. दुसरा, या वलयाला वर्ण, वर्ग आणि लिंग यांच्या मर्यादा होत्या. मोकळ्या रस्त्याचे प्रतीक म्हणून तिचा गौरव करताना त्या नजरेआड करणे इतिहासदृष्ट्या योग्य ठरणार नाही. तिसरा, मालकीचा अर्थ काळानुसार बदलला. पहिल्या मालकाने गाडी वापरली, बदलली, प्रसंगी कापलीही. नंतरच्या मालकाने तो बदल पुसून मूळ रूपाचा शोध घेतला. या दोन्ही कृतींना आपापला इतिहास आहे आणि एक अस्सल व दुसरी भ्रष्ट, असे सरसकट म्हणता येत नाही. चौथा, औद्योगिक वस्तूच्या अस्सलपणाचा विचार ती घडवणाऱ्या श्रमाच्या विचारावाचून अपुरा राहतो.

२०२० च्या पिढीत कॉर्व्हेटचे इंजिन चालकाच्या मागे, गाडीच्या मध्यभागी आले. डंटोव्ह यांनी १९६० पासून प्रायोगिक गाड्यांद्वारे या रचनेचा पाठपुरावा केला होता. जानेवारी २०२३ मध्ये, पहिल्या प्रदर्शनास बरोबर सत्तर वर्षे झाली तेव्हा, पेट्रोलच्या जोडीला विजेची मोटर असलेली कॉर्व्हेट जाहीर करण्यात आली. विजेच्या युगात पेट्रोलच्या इंजिनाचा आवाज, वास आणि कंप हेही जतन करण्याच्या वस्तू ठरतील. कागदपत्रे आणि धातूवरील अंक जपता येतात; चालवण्याचा अनुभव मात्र चालवूनच जपावा लागतो, आणि प्रत्येक वेळी चालवताना गाडी थोडी झिजते. जतन आणि उपभोग यांतील हा ताण सुटणारा नाही. वारशाचा विचार करणाऱ्या कोणत्याही समाजाला, मग तो वारसा किल्ल्याचा असो, हस्तलिखिताचा असो वा मोटारीचा, तो ताण ओळखूनच आपला निर्णय घ्यावा लागतो.